तिसरा जीव

पिलकोव्ह, डेव्हन
९ मार्च १८७३

केझी,

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले, तेव्हा उभ्या उभ्या वाचून टाकू नकोस. पाद्रीबुवा लिहून देतो म्हणाले होते. मी नको म्हटलं. त्यांच्या हातून लिहिलं की मी फार सज्जन वाटते.

गुरुवारी क्रोकर आला. लॉर्ड मेरिडॉनचा कारभारी झाल्यापासून त्याची दार ठोठावायची सवय गेली आहे, सरळ आत. मी मासे साफ करत होते. बस म्हटलं नाही तरी बसला आणि टेबलावर एक नकाशा पसरला. त्यात किनाऱ्यावरची आपली सहा घरं नाहीतच. त्यांच्या जागी शंभर खिडक्यांचं हॉटेल, पुढे फिरायला रुंद रस्ता, समुद्रात लांबवर गेलेला लाकडी धक्का, आणि छत्र्या घेतलेल्या बायका. नकाशावर माशांचं पाणी सांडलं. मी सांडलं नाही, पण पुसलंही नाही.

"हे सगळं एडमंडसाहेबांच्या डोक्यातून निघालंय," तो म्हणाला. "लंडनच्या बड्या लोकांनी कंपनीत पैसा घातलाय तो त्यांच्या भरवशावर. येत्या ऑक्टोबरात साहेब पार्लमेंटला उभे राहताहेत. गावाचं सोनं होईल, लस्कमबाई."

"आणि माझं काय होईल?"

टेकडीवर खाणीजवळ एका खोलीचं नवं घर. मी मरेपर्यंत माझं, भाडं नाही. मात्र माझ्याखेरीज तिथे कुणी राहायचं नाही. तसा कागद करूनच आणला होता, खाली फक्त माझी सही हवी.

मी दिली नाही. का, ते तुला ठाऊक आहे, पण लंडनच्या धुरात विसरली असशील म्हणून सांगते. आपलं घर तीन जिवांच्या पट्ट्यावर आहे. कागदात तीन नावं. त्यातलं एक जरी माणूस श्वास घेत असलं तरी घर आपलं. तिसरा गेला की त्याच दिवशी घर मालकाचं. लोकांनी आपापल्या पोराबाळांची नावं घातली. शेजारच्या सायमन व्हिकरीने तर इतका पिणारा असून एक नाव स्वतःचंच घातलं, तेव्हासुद्धा तो सकाळी सफरचंदाची सायडर पिऊन कचेरीत गेला होता. तुझ्या आजोबांनी एक स्वतःचं घातलं, एक तुझ्या बापाचं, आणि तिसऱ्यासाठी डोकं चालवलं. त्याच आठवड्यात लॉर्डाकडे धाकटा मुलगा जन्मला होता, हेच एडमंडसाहेब. जोनास म्हणाला, आपली पोरं घसा धरला की चार दिवसांत जातात. त्या पोराला दोन दाया, एक डॉक्टर आणि शेकोटी पेटलेली खोली. ते ऐंशी गाठणार. कचेरीत सगळे हसले. लॉर्डाने खूश होऊन त्याला बिअर पाजली आणि नाव लिहिलं गेलं.

मग जोनास गेला. तुझा बाप नावेसकट गेला. पट्ट्यातला जीव गेला की घरातलं सर्वांत चांगलं जनावर मालकाचं, हाही रिवाज. जोनासच्या वेळी गाय नेली, तुझ्या बापाच्या वेळी डुकरीण. आता माझ्याकडे गाढवी आहे आणि एडमंडसाहेब आहेत. साहेब सदतीस वर्षांचे. त्यांना माझं घर पाडायचं असेल तर आधी मरावं लागेल, असं मी क्रोकरला सांगितलं. त्याने नकाशाची गुंडाळी केली.

तू त्यांच्याच घरात कामाला आहेस. नीट जेवतात ना ते?

तुझी आजी
टॅमसिन लस्कम


मेरिडॉन हाऊस, लंडन
२५ मार्च १८७३

प्रिय आजी,

तुझं पत्र पोचलं. मी बसून वाचलं, दोनदा.

आमच्या मुख्य बाई, टॉलरबाई, आता आम्हा मुलींची पत्रं आधी वाचतात आणि मग स्वतः बंद करून टपालात देतात. घरातलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून. शिवाय आमचं शुद्धलेखनही सुधारतं. आमच्या भल्याचंच आहे.

माझी बदली वरच्या मजल्यावर झाली. कोळसा, गरम पाणी, पडदे. तिथे पायांत कापडी चपला घालून वावरावं लागतं. सोबत दुसरी कुणी मुलगी नाही.

एडमंडसाहेब उत्तम आहेत.

आजी, टेकडीवरचं घर घे. कोरडी जागा आहे, वाराही कमी. क्रोकरसाहेबांनी कागद आणलाय तोवर घे, उन्हाळ्याची वाट बघू नकोस.

आणि एक काम कर. आजोबांना शेवटच्या हिवाळ्यात तू दुधात समुद्रशेवाळ शिजवून द्यायचीस, तसलं थोडं वाळवून पाठव. इथे दुकानात मिळतं ते शिळं असतं, पोटात टिकत नाही.

तुझी
केझाया


पिलकोव्ह
२० एप्रिल १८७३

केझी,

शेवाळ पाठवलं आहे, गाडीवाल्याच्या हातात पिशवी दिली. दोन भरत्यांच्या आत वाळवलेलं आहे. कुणासाठी ते तू लिहिलं नाहीस. पोटात टिकत नाही म्हणतेस, कुणाच्या पोटात? खोकला लागला असेल तर मला सांगायचं. तुझा बापही सांगत नसे.

आणि टेकडीवरचं घर घे, हे तुला कुणी शिकवलं? टॉलरबाई, तुम्ही येणारी पत्रंही वाचत असाल तर विचारते, पोरीच्या तोंडून क्रोकर का बोलतोय? माझ्या नातीला वाऱ्याची भीती कधीपासून वाटायला लागली?

ईस्टरनंतरच्या मंगळवारी एडमंडसाहेब गावात येऊन गेले, निवडणुकीसाठी. खानावळीपुढे गाडी उभी केली आणि खाली उतरलेच नाहीत. लख्ख ऊन पडलेलं, तरी मांडीवर केसाळ कातड्याची घोंगडी. चार वाक्यं बोलले, तीही हळू, पुढच्यांनाच ऐकू गेली. उरलेलं भाषण क्रोकरने वाचलं.

सायमन म्हणाला, "गादी सोडवत नाही त्यांना."

"तुला खुर्ची सोडवते का?" मी म्हटलं.

"मी कुठे कुणाकडे मतं मागतोय?"

मतं आता चिठ्ठीवर द्यायची आहेत, गुपचूप. जिवांचा पट्टा असल्यामुळे सायमनला मत आहे. मला तसाच पट्टा असून नाही, कारण मी बाई. सायमन म्हणतो, दोन्ही बाजूंची सायडर पिईन आणि चिठ्ठीवर बदक काढीन. अशा माणसाला विचारून राज्य चालवायचं.

पण साहेबांना मी जवळून पाहिलं हो. मासे विकायची टोपली घेऊन गाडीच्या चाकापाशी गेले होते. गाल लालबुंद, डोळे चमकदार, हातात पांढराशुभ्र रुमाल. गावात इतका टवटवीत माणूस दुसरा नाही. तोऱ्यात बसले होते, बसू देत. तुझ्या आजोबांची निवड चुकली नाही.

आजी


मेरिडॉन हाऊस, लंडन
८ जून १८७३

प्रिय आजी,

मी ठणठणीत आहे. मला खोकला नाही, ताप नाही. खरंच सांगते.

शेवाळ संपलं, पुन्हा पाठव. जास्त पाठव.

आजोबांचा तो शेवटचा हिवाळा तुला आठवतो ना? तू त्यांचा कप वेगळा ठेवला होतास. झाकण असलेलं ते भांडं. रोज पहाटे भिजलेला सदरा बदलायचीस. संध्याकाळी त्यांचे गाल कसे रंगायचे, आणि शेजारचे म्हणायचे, जोनास सुधारला. इथे काम करताना मला रोज तेच डोळ्यांपुढे येतं. तू नीट आठवून बघ.

आणि कागदावर सही कर. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे एक मागते आहे.

केझाया


पिलकोव्ह
२ जुलै १८७३

केझी,

तुझं पत्र मी सायमनकडून पुन्हा वाचून घेतलं, मला अक्षर लागलं नाही असं नाही, दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं म्हणून.

मी मूर्ख नाही. वेगळा कप, भांडं, भिजलेला सदरा. वरच्या मजल्यावर एकटीला ठेवलंय, इतर मुलींपासून दूर. टॉलरबाई वाचतात म्हणून तुला सरळ लिहिता येत नाही, कळलं तर हाकलून देतील. ठणठणीत आहे असं जोनासही म्हणायचा, रक्त पडायला लागल्यावरसुद्धा.

तर आता मी काय केलं ते ऐक. तू दोनदा मागितलंस म्हणून सोमवारी क्रोकरच्या कचेरीत गेले होते, सही करायच्याच तयारीने. त्याने कागद काढला, पण मार्चमध्ये होती तशी घाई नाही. खुर्ची दिली. चहा दिला, मला, क्रोकरने.

मी विचारलं, "टेकडीवरच्या घरात माझी नात राहील का माझ्याजवळ? आजारी असली तर?"

"नाही हो. कागदात एकच माणूस आहे."

"मग ते बदला."

"ते माझ्या हातात नाही. पण तुम्हाला इतकं जड जात असेल तर राहू द्या, लस्कमबाई. आम्ही कशाला बळजबरी करू? राहा सुखाने आपल्या घरी." आणि कागद खणात टाकून कुलूप लावलं.

घाबरला तो. चार महिने मी नाही नाही म्हणत राहिले, त्याचा हा परिणाम. दारापर्यंत पोचवायला आला होता.

घरी येऊन खालच्या खोलीला चुना दिला. खिडकीपाशी पलंग ओढला, तिथून समुद्र दिसतो आणि वारा थेट तोंडावर येतो, अशा दुखण्याला तो चांगला. कोपऱ्यात शेवाळाची पोती आहेत. त्यांनी तुला काढून टाकलं तर काढून टाकलं. गाडीभाडं नसेल तर चालत सुटू नकोस, कळव. हे घर एडमंडसाहेब जिवंत आहेत तोवर माझं आहे, आणि त्यात कोण झोपणार ते मी ठरवणार.

आजी


पिलकोव्ह
१९ ऑक्टोबर १८७३

केझी,

जूनच्या पत्रानंतर तुझं एक अक्षर नाही. मी तीन पत्रं घातली, दोन पोती शेवाळ घातलं. पोतं परत येत नाही म्हणजे कुणीतरी खातंय, एवढाच धीर आहे.

इथे निवडणूक झाली. एडमंडसाहेब जिंकले. या खेपेला ते आलेच नाहीत. थोरल्या भावाने गाडीतून हात हलवला आणि सांगितलं की धाकटे साहेब लंडनमध्ये कामात गुंतलेत. सायमनने बदक काढलं की नाही ते सांगत नाही. क्रोकरने सहाही घरी मनुक्यांचा केक पाठवला. बाकीची चार घरं टेकडीवर गेली बरं का. आता ओळीत मी आणि सायमन. टेकडीवरची बेट्सी म्हणते, भिंतींना ओल आहे. मी म्हटलं, मी तुला तेव्हाच सांगत होते.

टॉलरबाई, पोरगी जिवंत आहे की नाही एवढं एका ओळीत लिहा. तुमचं शुद्धलेखन मी तपासणार नाही.

टॅमसिन लस्कम


लंडन
६ नोव्हेंबर १८७३

आजी,

हे पत्र मी स्वतः टपालपेटीत टाकते आहे, टॉलरबाईंनी वाचलेलं नाही.

मी जुलैत आणि ऑगस्टमध्ये लिहिलं होतं, की शेवाळ माझ्यासाठी नाही. ती पत्रं टॉलरबाईंनी माझ्यादेखत चुलीत टाकली. मी कधीच आजारी नव्हते.

परवा सकाळी एडमंडसाहेब गेले.

फेब्रुवारीपासून ते रक्त टाकत होते. मला वर नेलं ते त्यांच्या खोलीत. बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. बाहेर कळलं असतं तर कंपनीतून लोकांनी पैसा काढला असता आणि निवडणूक हातची गेली असती. ईस्टरला गाडीत बसवण्यासाठी डॉक्टरांनी त्यांना औषध पाजलं होतं. तू पाठवलेलं शेवाळ मी शिजवून त्यांना देत होते. शेवटी शेवटी तेवढंच जायचं पोटात. एकदा म्हणाले, हे आमच्याकडच्या किनाऱ्यावरचं आहे ना. मी हो म्हटलं. तुझं घर त्यांच्यावर उभं आहे हे सांगावंसं वाटलं होतं. त्यांना ते माहीत नसावं.

क्रोकरला जूनच्या अखेरीस कळवलं. लॉर्डसाहेब पलंगाशेजारी बसून ते पत्र सांगत होते, आणि मी शेकोटीत कोळसा घालत होते. लस्कमबाईच्या जागेसाठी आता काही देऊ नका, थांबा, असं त्यात होतं.

आता जे सांगायचं ते. मे महिन्यात एका रविवारी मला दोन तास सुट्टी मिळाली होती. मी सगळं खरं लिहून, चिकटवून, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले होते. तेव्हा क्रोकरचा कागद अजून खणाबाहेर होता. मी पेटीपुढे बराच वेळ उभी राहिले. पिलकोव्हमध्ये बातमी फुटली तर ती कुणाच्या तोंडून फुटली हे त्यांना लगेच कळलं असतं, आणि शिफारशीविना मला कुणी दारात उभं केलं नसतं. मी पत्र परत आणलं. मला वाटलं, तू शेवाळावरून ओळखशील.

मी नोकरी सोडून येऊ का? तू रागावली आहेस का?

केझी


पिलकोव्ह
११ जानेवारी १८७४

केझी,

उत्तराला उशीर झाला, मला जागा शोधायची होती.

तुझं पत्र यायच्या आधीच देवळाची घंटा वाजली. मी शेवाळ गोळा करत होते. कुणीतरी ओरडलं, धाकटे साहेब गेले. माझ्या हातात जे होतं ते मी टाकलं नाही, उगाच सांगू कशाला, टोपलीत भरूनच घरी आले. दारात क्रोकर उभा. हाताला काळी फीत, आणि त्याच हातात गाढवीची दोरी. पट्ट्यातला जीव गेला, सर्वांत चांगलं जनावर मालकाचं. त्यांचा मुलगा मेला आणि दंड मी भरला. मी म्हटलं, "खणातला तो कागद?" तो म्हणाला, "कुठला कागद, लस्कमबाई?" नाताळपर्यंत घर रिकामं करायला सांगून गेला.

नाताळनंतर चौथ्या दिवशी छप्पर उतरवलं. तीन भिंती पडल्या, खालच्या खोलीची उभी आहे. मी जुलैत चुना दिला होता ती. ओळीत तेवढीच पांढरी आहे, समुद्रावरून लांबून दिसते म्हणतात नाववाले.

रागावले आहे का विचारतेस. हो. शेवाळावरून मला ओळखता आलं नाही ते माझं. तू पत्र घेऊन पेटीपासून परत फिरलीस ते तुझं. दोन्हीचं काही होणार नाही. नोकरी सोडू नकोस. गप्प राहून ती टिकवलीस ना, मग आता ती धरून ठेव आणि चांगली शिफारस घेऊनच बाहेर पड. इथे येऊ नकोस, तुला झोपायला जागा नाही.

एक मात्र सांगते. त्यांच्यासाठी आहे हे मला कळलं असतं, तर मी दोन पोती नाही, दहा पोती पाठवली असती. स्वतः येऊन भरवलं असतं.

मी सायमनकडे राहते. तू हसशील. त्याच्या कागदावर तीन नावं होती, बायको गेली, मुलगा न्यूफाउंडलंडच्या बोटीबरोबर बुडाला, आणि तिसरं नाव तो स्वतः. सगळ्या गावाने त्याला वेड्यात काढलं होतं, मीही. तो एकाहत्तर वर्षांचा आहे, पाय सुजलेत, जिना चढला तर धापा टाकतो, आणि त्याचं घर बरोबर हॉटेलच्या मोठ्या दरवाज्याच्या जागी आहे. सगळा पाया खणून झालाय, मध्ये आम्ही. मजूर आमच्या दारातून ढकलगाड्या नेतात.

क्रोकर गेल्या आठवड्यात आला. सायमनला म्हणाला, "घाई नाही हो, व्हिकरी. राहा सुखाने आपल्या घरी." दुसऱ्या दिवशी लॉर्डसाहेबांकडून सायडरचं एक अख्खं पिंप आलं, भेट म्हणून. क्रोकरला घाई नसते तेव्हा काय असतं, ते मला आता कळतं. पिंप मी वाळूत ओतलं. सायमन दारात उभा राहून रडला. बायको गेली तेव्हा इतका रडला नव्हता.

मला तो माणूस आवडत नाही. अंगाला वास येतो, आणि दिवसभर माझ्या जोनासच्या खोट्या गोष्टी सांगतो. पण सकाळ-संध्याकाळ मी वाटीभर शेवाळ दुधात शिजवते आणि त्याच्यापुढे बसते.

"टॅमसिन, मला नको ते. चिकट लागतं."

"तुला विचारलंय कुणी? तोंड उघड."

आजी